बाराशे डॉलरांत एकच रायफल

अमेरिकेत ऑगस्ट उजाडला की बंदुकांच्या दुकानांत एक प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जातो. हरणापासून एल्कपर्यंत सगळ्याला चालेल, पुढची वीस वर्षं बदलावी लागणार नाही आणि खिशाला परवडेल अशी एक रायफल कोणती? परवडेल म्हणजे किती, तर दुर्बिणीसकट हजार-बाराशे डॉलर. पुढची चर्चा बहुतेक वेळा काडतुसाच्या नावावर येऊन अडते. तासभर वाद होतो, गिऱ्हाईक बिचकून गरजेपेक्षा मोठं काडतूस निवडतं, जवळजवळ सगळे पैसे रायफलीत घालतं, आणि दुर्बिणीला नि सरावाच्या गोळ्यांना काही उरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. या किमतीत वाईट रायफल मिळणं आज कठीण झालं आहे. चूक होते ती पैशांच्या वाटणीत.

आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपवली, आणि जंगलांची तेव्हाची अवस्था पाहता ते योग्यच झालं. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे शिकारीचा हंगाम, जनावरांची संख्या, नर की मादी, हे सगळं दरवर्षी राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के उत्पादन कर लागतो व तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. कोलोरॅडोत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेली, सहकाऱ्यांबरोबर एकदा रानात जाऊन आलेली आणि मग या नादाला लागलेली मराठी माणसं आता अगदीच दुर्मीळ नाहीत. त्यांच्यासाठी एक कायदेशीर बाब. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. पण अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर तो अपवाद ठरतो. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण येत नाही. दोघांनाही पार्श्वभूमीची तपासणी चुकत नाही.

आता ‘सगळ्याला चालेल’ यातलं ‘सगळं’ म्हणजे काय ते पाहू. सर्वांत जास्त शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. दक्षिणेत ते चितळापेक्षाही लहान भरतं, उत्तरेत नर सव्वाशे किलोच्या पुढे जातो. पश्चिमेच्या गवताळ माळावरचा प्रॉन्गहॉर्न जेमतेम ५० किलोचा, पण तो लांबून गाठावा लागतो. एल्क हा काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक. त्याचा मोठा नर सव्वातीनशे किलोंचा सहज असतो. मूस पाचशेच्या घरात. मध्ये काळं अस्वल आणि रानडुक्कर. आणि विदर्भातला वाचक ज्याला रोही म्हणतो ती नीलगायसुद्धा या यादीत आहे. १९२० ते ४०च्या काळात टेक्सासच्या किंग रँचवर भारतीय नीलगायी आणून सोडल्या गेल्या. आज दक्षिण टेक्सासात त्या हजारोंनी मोकळ्या फिरतात, आणि तिथले वाटाडे नीलगायीच्या चिवटपणाबद्दल एल्कपेक्षाही आदराने बोलतात.

म्हणजे ५० किलोंपासून ५०० किलोंपर्यंत आणि झाडीतल्या ४० यार्डांपासून माळावरच्या ३०० यार्डांपर्यंत एकाच हत्याराने काम भागवायचं आहे. एक यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी. हे ऐकायला अशक्य वाटतं, पण शंभर वर्षांहून अधिक काळ लोक ते करत आले आहेत.

त्यांतल्या बहुतेकांच्या हातात ३०-०६ हे काडतूस होतं. १९०६ साली अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं, दोन महायुद्धं ते लढलं, आणि परतलेल्या सैनिकांनी ते सोबत रानात नेलं. १८० ग्रेनची, म्हणजे साडेअकरा-बारा ग्रॅमची गोळी ते सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने फेकतं. १५० ग्रेनची घेतली तर हरणाला पुरते, १८० ग्रेनची एल्कला, आणि अलास्कात अस्वलांच्या मुलुखात जाणारे २२० ग्रेनची घेतात. एका रायफलीत इतका पल्ला बसतो, म्हणून ‘एकच रायफल’ या वादात पहिलं नाव अजूनही हेच येतं.

विंचेस्टर कंपनीने १९२५ साली याच कुळातल्या पुंगळीची मान आवळून .२७० आणलं. हलकी गोळी, जास्त वेग, सपाट मार्ग. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे जॅक ओ’कॉनर यांनी ते एवढं उचलून धरलं की त्यांचं नाव आणि .२७० हे समीकरणच झालं. विरुद्ध बाजूला दुसरे शिकारलेखक एल्मर कीथ. त्यांना जाड, जड गोळीच पटायची; .२७० त्यांच्या मते फार तर लहान जनावरांपुरतं. गंमत म्हणजे दोघेही आयडाहो राज्यातच राहायचे, त्याच डोंगरांत त्याच एल्कच्या मागे हिंडायचे, आणि दोघांचीही जनावरं पडायची. अमेरिकन शिकारी वाङ्मयातला हा सर्वांत गाजलेला वाद आहे आणि माझ्या मते सर्वांत निष्फळसुद्धा. दोघेही आयुष्यभर गोळ्या झाडत आलेली माणसं होती. त्यांच्या हातात काहीही दिलं असतं तरी चाललं असतं.

१९५२ साली .३०८ आलं. सुधारलेल्या दारूमुळे ३०-०६चं जवळजवळ सगळं काम त्याहून आखूड पुंगळीत होऊ लागलं होतं. वेगात शंभरेक फुटांचा फरक राहिला. दोन वर्षांनी नाटोने त्याचंच लष्करी रूप स्वीकारलं, आणि त्यामुळे .३०८ जगभर पोचलं. त्याच पुंगळीपासून १९५५मध्ये .२४३ आणि १९८०मध्ये ७ मिमी-०८ झालं. हे शेवटचं काडतूस माझ्या मते या सबंध कुळातलं सर्वांत समंजस. धक्का कमी, मार्ग सपाट, एल्कला पुरेसं. त्याची अडचण एकच आहे. छोट्या गावातल्या दुकानात ते असेलच असं नाही.

२००७ साली हॉर्नाडी कंपनीने ६.५ क्रीडमूर काढलं ते खरं तर लक्ष्यवेधी स्पर्धांसाठी. लांब, निमुळती गोळी, वाऱ्याला कमी बधणारी. दहा वर्षांत ते शिकाऱ्यांत एवढं पसरलं की जुन्या मंडळींना त्याचा राग येऊ लागला. हरीण, प्रॉन्गहॉर्न यांना ते उत्तम आहे. एल्कवर ते चालतं, पण तिथे गोळी चांगली हवी आणि अंतर आवरतं घ्यायला हवं. नवशिक्याला दुकानदार आज हेच काडतूस आधी पुढे करतो, आणि त्यात त्याची लबाडी नसते. धक्का कमी असला की माणूस नीट नेम धरतो.

धक्क्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण निवडीत सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दलच. आठ पौंडांच्या, म्हणजे साडेतीन किलोंच्या रायफलीतून .२४३ झाडली तर खांद्याला साधारण ९ फूट-पाउंड ऊर्जा जाणवते. ६.५ क्रीडमूरला १२, ७ मिमी-०८ला १३च्या आसपास, .३०८ आणि .२७०ला १६-१७, ३०-०६ला २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला २६च्या पुढे. सरावलेल्या माणसाला २० सोसतात. नव्या माणसाला १५च्या पुढे गेलं की अंग आपोआप आखडतं. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो आणि गोळी खाली-उजवीकडे जाते. दुकानात हे कळत नाही. मैदानावर पाचव्या-सहाव्या गोळीला कळतं. मग नाचता येईना अंगण वाकडं या न्यायाने दोष काडतुसाला लागतो आणि माणूस आणखी मोठं काडतूस घेतो.

मॅग्नमांनी, म्हणजे जास्त दारूच्या मोठ्या काडतुसांनी, मिळतं तरी काय? २०० यार्डांवर नेम जुळवलेली ३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली जाते. .२७० ची १३० ग्रेनची साडेसहा-सात इंच. ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नमही त्याच्याच आसपास. म्हणजे सगळा गदारोळ दोन इंचांसाठी. एल्कच्या छातीतला मर्माचा भाग चौदा-पंधरा इंचांचा असतो. तीनशे यार्डांपलीकडे मॅग्नमचा खरा फायदा सुरू होतो, पण तिथून जनावराला जखमी न करता मारू शकतील अशी माणसं किती? अलास्काच्या वन्यजीव खात्याचा बाहेरून येणाऱ्यांना सल्ला हाच आहे की सोसवत नसलेली मोठी मॅग्नम आणू नका; .२७०, .३०८, ३०-०६ यांपैकी जी हातात बसलेली असेल ती चांगल्या गोळ्यांसह आणा.

मोठ्या काडतुसाचा मोह घालवायला दोन जुनी उदाहरणं पुरेत. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती. .२७५ रिग्बी हे १८९२च्या ७ बाय ५७ माउझर काडतुसाचं ब्रिटिश नाव, आणि त्याची ताकद आजच्या ७ मिमी-०८ एवढीच. मराठीत कॉर्बेट वाचलेल्या पिढ्यांना त्यांची ही बंदूक अवाढव्य वाटत असते. प्रत्यक्षात तिचा धक्का आजच्या साध्या हरणाच्या रायफलीइतकाच होता. दुसरं उदाहरण स्कॉटिश शिकारी ‘करामोजो’ बेलचं. त्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यांतले बरेचसे याच काडतुसाने. आज त्या आकड्याची शिसारी येते. पण हत्तीच्या कवटीची रचना पाठ केलेला माणूस लहान गोळीने काय करू शकतो, हे त्यातून दिसतं. अर्थात म्हणून कुणी ७ मिमीने हत्ती मारायला जाऊ नये, आणि आता कायदाही तसं करू देत नाही. मोठ्या शिकारीसाठी कमीत कमी किती हवं याची सीमा राज्यं आखून देतात. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर (इंचातला व्यास) लागतं, हरणाला ७० ग्रेनची आणि एल्क व मूसला ८५ ग्रेनची गोळी, आणि शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. वरची सगळी काडतुसं ही अट सहज पार करतात.

काडतुसाच्या नावापेक्षा जास्त फरक पडतो तो गोळीच्या बांधणीने. १९४६ साली जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर त्यांच्या मॅग्नमच्या गोळ्या आपटून फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. घरी परतून त्यांनी गोळीच्या मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा घुसत राहतो. १९४८पासून ही ‘पार्टिशन’ गोळी बाजारात आहे आणि आजही तिला तोड सापडली असं म्हणवत नाही. नंतर आवरण आणि शिसं एकमेकांना जोडलेल्या गोळ्या आल्या, संपूर्ण तांब्याच्या आल्या. तांब्याच्या गोळ्यांची गोष्ट आता हौसेची राहिलेली नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून सगळ्या शिकारीला शिशाविना गोळी सक्तीची आहे, कारण जनावरांच्या टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती. औषधाने गिधाडं गमावलेल्या देशातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मांस घरी खायचं असेल, मुलांना द्यायचं असेल, तरी तांब्याची गोळी बरी. चांगल्या गोळ्यांची २०ची पेटी पन्नास डॉलरच्या पुढे जाते, साधी तीसच्या आसपास मिळते. सरावाला साधी, रानात चांगली. मात्र दोन्हींचा नेम वेगळा लागू शकतो, म्हणून शेवटचा नेम रानातल्या गोळीनेच जुळवायचा.

आता रायफल. पूर्वेकडच्या दाट रानात अजून लिव्हर-अॅक्शन, म्हणजे चापाखालचा दांडा ओढून भरायची रायफल, दिसते: विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६, त्यांत .३०-३० काडतूस, हे १८९५पासूनचं. दीडशे यार्डांच्या आत हरणाला फार छान. पण आपल्याला ‘सगळ्याला’ चालणारी हवी आहे, तेव्हा ती बाद. ओहायो, आयोवा अशा राज्यांत ठरावीक भागांत किंवा हंगामांत मान न आवळलेल्या, सरळ पुंगळीचीच काडतुसं चालतात. तिथल्या माणसाने आधी राज्याची पुस्तिका वाचावी, मग दुकानात जावं. उरते बोल्ट-अॅक्शन. हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुंगळी उडते, पुढे ढकलायचा, नवं काडतूस नळीत जातं. साधं यंत्र, बिघडायला फारसं काही नाही.

स्वस्त रायफल म्हणजे रद्दी, हा समज पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत बराचसा खरा होता. बदल कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. जुन्या विंचेस्टर मॉडेल ७०ला, म्हणजे १९३६पासूनच्या रायफलीला, यंत्रावर आणि हातावर खूप काम होतं. ते परवडेना म्हणून १९६४ साली कंपनीने रचना बदलली आणि गिऱ्हाईक एवढं बिथरलं की ‘प्री-६४’ हा शब्दच मोलाचा झाला. सॅव्हेजने १९५८च्या ११० मॉडेलात वेगळी युक्ती केली. नळी एका मोठ्या चक्रीने आवळली जाते, त्यामुळे काडतूस नळीत नेमकं किती खोल बसावं हे अंतर कारागिराच्या हाताशिवाय जुळवता येतं. नळीच्या बुडाशी दिसणारी ती चक्री कुरूप आहे. पण तिच्यामुळे किंमत खाली आली आणि अचूकता वर गेली. रुगरने २०११च्या अखेरीस ‘अमेरिकन’ आणली. तिचा दस्ता ओतीव प्लॅस्टिकचा, पण त्यात धातूचे व्ही आकाराचे ठोकळे ओतलेले असतात. रायफलीचं अंग त्यांवर घट्ट बसतं, झाडताना हलत नाही. लाकूड कोरून, राळ भरून जे काम कारागीर तासन्‌तास करायचा ते साच्यात एका दमात होतं. चापाचंही तसंच. सॅव्हेजने या शतकाच्या सुरुवातीला ‘अॅक्युट्रिगर’ काढला. गिऱ्हाइकाला स्वतः हलका करता येईल आणि तरीही सुरक्षित राहील असा चाप साध्या रायफलीत मिळू लागला. मग सगळ्यांनाच तसं करावं लागलं.

परिणाम असा की पाच-सहाशे डॉलरची रुगर अमेरिकन किंवा त्याहून स्वस्त सॅव्हेज अॅक्सिस शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात टाकते, अनेकदा एका इंचात. शिकारीला याहून जास्त लागत नाही. तोटे आहेतच. अॅक्सिसचा दस्ता इतका लवचीक असतो की पुढून पिशवीवर टेकवून दाबला तर नळीला चिकटतो आणि नेम सरकतो. रुगरचा बोल्ट नवा असताना खरखरतो. पन्नासेक वेळा रिकामा फिरवला, पुसून तेल लावलं की सुधारतो. मॉसबर्ग पॅट्रियटची गोष्ट थोडीफार तशीच.

वरच्या पायरीवर तीन नावं. वेदरबी व्हॅनगार्ड जपानच्या होवा कंपनीत बनते. जड आहे, पण तोच तिचा गुण, कारण वजन धक्का गिळतं. स्पेनची बर्गारा बी-१४ सुरेख आहे, मात्र आपल्या बजेटच्या काठावर. आणि फिनलंडच्या रीहिमाकीत साकोच्या कारखान्यात बनणारी टिका टी-३एक्स. टिकाचा बोल्ट हातात घेऊन पाहावा. हँडल सत्तर अंशच वर उचलावं लागतं, त्यामुळे बोटं दुर्बिणीला आदळत नाहीत. मागे ओढताना कुठे अडकत नाही, डगमगत नाही. रायफल उभी धरून खटका दाबला की बोल्ट स्वतःच्या वजनाने घसरत खाली येतो. आखूड-लांब सगळ्या काडतुसांना ती एकच लांबीचं अंग वापरते. शुद्धतावादी नाक मुरडतात, रानात फरक पडत नाही. तिचा दोष हलकेपणा. तीन किलोंच्या लाइट मॉडेलात ३०-०६ घेतली तर धक्का कागदावरच्या वीसपेक्षा बराच वाढतो.

जुनी रायफल घ्यावी का? जरूर. शिकारीच्या रायफलीतून वर्षाला दहा-वीस गोळ्या सुटतात. तीस वर्षांच्या रायफलीची नळी बहुधा नव्यासारखी असते. नळीतून उजेडाकडे बघावं, आत गंजाचे खड्डे नकोत. तोंडाच्या कडेला ओरखडा नको. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, बोल्ट बंद करून, चाप आणि खटका तपासावा. रेमिंग्टन ७०० हे १९६२पासूनचं अफाट खपलेलं मॉडेल, वापरलेल्या बाजारात मुबलक. पण २०१४ साली कंपनीने ‘एक्स-मार्क प्रो’ चापाच्या रायफली दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या. त्या काळातली असेल तर चाप बदललेला आहे का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुर्बीण हा भाग लोक शेवटी उरलेल्या पैशांत उरकतात, आणि इथेच गणित बिघडतं. रायफलीसोबत जोडून मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणी टाळाव्यात. शिकार बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला होते. त्या उजेडात साठ डॉलरच्या काचेतून हरणाच्या जागी झुडूप दिसतं. शिवाय चार-सहा धक्क्यांनंतर आतला नेम सरकतो आणि माणूस रायफलीला शिव्या देतो. ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढे ४० मिमीची काच असलेली दुर्बीण सगळ्या कामाला पुरते. लिउपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम किंवा व्हॉर्टेक्सची डायमंडबॅक ही अडीचशे-तीनशे डॉलरांतली विश्वासाची नावं. त्याहून मोठी काच, वीस पट मोठं चित्र, चमकणारे काटे, हे सगळं ओझं. दुर्बीण बसवायच्या कड्यांवर मात्र कंजुषी नको. पन्नास डॉलर जास्त द्यावेत आणि स्क्रू टॉर्क-पान्याने ठरल्याइतकेच आवळावेत.

मग नेम जुळवायचा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, बोल्ट काढून मागून नळीतूनच लक्ष्याचा काळा ठिपका मध्ये आणायचा, आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर फिरवून आणायची. २५ यार्डांवर दोन गोळ्या, मग १०० यार्डांवर तीन. समजा तीनही गोळ्या मध्यापासून तीन इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे पडल्या. दुर्बिणीची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवते. .३०८ला शंभरावर दोन इंच वर ठेवलं की दोनशेवर ती नेमकी बसते. म्हणजे वर पाच इंच, वीस टिकटिकी, आणि डावीकडे दोन इंच, आठ टिकटिकी. नळी थंड होऊ द्यायची, कारण हलकी नळी तापली की गोळ्या भरकटतात आणि रानात पहिली गोळी नेहमी थंड नळीतूनच सुटते. पुन्हा तीन. एका पेटीत काम होतं.

पण हा नेम रायफलीचा झाला, माणसाचा नव्हे. रानात टेबल नसतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं तो प्रकार गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन आसनांचा आहे. शिकाऱ्याला हीच आसनं लागतात, वर बसून आणि पाठपिशवीवर टेकवूनही. यासाठी महागड्या काडतुसांची गरज नाही. घरी रिकाम्या रायफलीचा चाप रोज दहा मिनिटं ओढावा आणि जमल्यास पॉइंट-टू-टूची जुनी रायफल घेऊन महिन्यातून दोनदा मैदानावर जावं. बसून पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत ज्या अंतरावर पडतात, तेवढीच आपली शिकारीची मर्यादा. बहुतेकांची ती दोनशे यार्ड निघते. ती मान्य करण्यात कमीपणा नाही. जखमी एल्क रात्रभर शोधत बसण्यात आहे.

आता वाटणी. बाराशेतले साडेपाचशे ते साडेसहाशे रायफलीला, अडीचशे-तीनशे दुर्बिणीला, पन्नास-साठ कड्यांना, पट्ट्याला वीस-तीस. उरलेले दोनेकशे फक्त काडतुसांना. रायफलीचा वाटा निम्म्याच्या फारसा वर गेला की समजावं, सराव कापला जातोय. टिकावर जीव जडला असेल तर ती वापरलेली शोधावी किंवा बजेट दोनशेने वाढवावं. दुर्बिणीतून ते दोनशे काढू नयेत.

मला विचाराल तर .३०८ विंचेस्टर, बावीस इंची नळी, रुगर अमेरिकन किंवा सवलतीत मिळाली तर व्हॅनगार्ड, वर ३-९ ची दुर्बीण. अंगकाठी लहान असेल किंवा धक्क्याची धास्ती वाटत असेल तर तीच रायफल ७ मिमी-०८मध्ये, काडतुसं वर्षाची एकदम भरून ठेवून. मूस किंवा टेक्सासची नीलगाय हेच मुख्य काम असेल तर ३०-०६, जड रायफलीत. ६.५ क्रीडमूर घेणाऱ्याशी मी भांडणार नाही. पहिलीच रायफल म्हणून .३०० मॅग्नम घेणाऱ्याला मात्र थांबवीन.

आणि दुकानात जाण्यापूर्वी दोन कामं उरका. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोरॅडोत शिकारी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय सहसा परवाना मिळत नाही, आणि तिथल्या मोठ्या जनावरांच्या परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच बंद होतात. रायफल त्यानंतर जूनमध्ये घेतलीत तरी सरावाला वेळ मिळतो.